शेवटचा भुरका

हसण्याचा आवाज आला तेव्हा मी दारातल्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. आतल्या कुठल्यातरी खोलीतून, सरकत्या कागदी दाराच्या पलीकडून तो आला. आधी एकीचा, मग दुसरीचा. दाबून धरलेला आणि तरी निसटलेला. तोंडाला पदर लावून हसावं तसा. फक्त तिथे पदर नव्हता, किमोनोची रुंद बाही असणार. ज्या बाईंनी गेला पाऊण तास साध्या झाकणाचासुद्धा आवाज होऊ दिला नव्हता, त्याच आत हसत होत्या. मी भाचीकडे बघितलं. ती मोबाइलवर बसची वेळ बघत होती. "आपल्याला हसतायत का गं?" "काय माहीत मावशी. चल, बस चुकेल." गाठ नीट बसलीच नाही. बसस्टॉपपर्यंत नाडी दोनदा सुटली.

त्या मलाच हसतायत, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं. कारण पाचच मिनिटांपूर्वी मी त्या खोलीत एक प्रश्न विचारला होता, आणि मुळात शांत असलेली ती खोली त्यानंतर जरा जास्तच शांत झाली होती.

खरं तर मला जायचंच नव्हतं. भाची पुण्यात जपानी शिकली, एकेक परीक्षा देत वर चढली आणि गेली चार वर्षं ओसाकाला नोकरी करते. नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेले ती लाल झालेले मेपल बघायला आणि तिच्या आईने दिलेली मेतकुटाची नि भाजणीची पाकिटं पोचवायला. क्योतोमधला हा चहाचा कार्यक्रम तिने परस्पर ठरवला होता. माणशी तीन हजार येन. "चहा प्यायला?" मी विचारलं, आणि तेवढ्या पैशात आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीचा चहा किती महिने पुरेल याचा हिशेब मनातल्या मनात करून बसले. तोही आमच्यासारख्या प्रवाशांसाठी कापून बेतलेला चहा. खरा, पूर्ण चहा, ज्याला चाजी म्हणतात, तो चार तास चालतो. त्यात जेवण असतं, मधे उठून बागेत जाऊन बसणं असतं, आधी घट्ट चहा असतो आणि मग पातळ. घट्ट चहाचा एकच वाडगा सगळ्या पाहुण्यांत फिरतो, हे तिने आगगाडीत सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून आपोआप "उष्टा?" आलं. कड पुसून पुढे देतात म्हणे. करोनात मात्र ज्याचा त्याचा वाडगा वेगळा झाला होता. आपल्याला फक्त पातळ चहा आहे आणि तो ज्याचा त्याला मिळणार आहे, हे कळल्यावर मी खिडकीबाहेर बघायला लागले.

एका देवळाच्या मागच्या गल्लीत ते घर होतं. फाटकातून आत गेलं की शेवाळातून जाणारी, पाणी शिंपडलेली दगडी पायवाट. दगड इतके ओले की आताच पाऊस पडून गेला असं वाटावं. पाऊस नव्हता, पाहुणे यायच्या आधी मुद्दाम पाणी मारलेलं होतं. आमच्या वाड्यात दुपारी सडा घातलेला असला की कुणीतरी येणार आहे हे ओळखायचं, तसंच. एका ठिकाणी वाटेला फाटा फुटत होता आणि त्या फाट्यावर मुठीएवढा दगड ठेवलेला होता, काळ्या दोरीने पार्सलासारखा बांधलेला. इकडून जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. ना पाटी, ना बाण, ना 'अपमान होईल' अशी सूचना. पुण्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला पाटीवाचूनची मनाई पचायला थोडा वेळ लागतो. मी त्या दगडाचा फोटो काढला. पुढे दगडी कुंडीतल्या पाण्याने बांबूच्या पळीने हात धुतले, चूळ भरली. पाणी इतकं गार की दाढ ठणकली.

आणि मग ते दार. दार कसलं, भिंतीतली खिडकीच म्हणायची. दोन-सव्वादोन फूट उंच आणि जवळपास तेवढंच रुंद. त्यातून गुडघ्यांवर रांगत, हातांनी स्वतःला पुढे ओढत आत जायचं. मला आमच्या मिरजेच्या वाड्याचा दिंडी दरवाजा आठवला. मोठ्या दरवाज्याच्या पोटातलं ते लहान दार. आजोबांचे एक उंच मित्र दरवेळी त्याच्या चौकटीवर डोकं आपटून घ्यायचे आणि दरवेळी तितकेच चकित व्हायचे. पण दिंडीतून निदान वाकून जाता येतं, इथे रांगायचं होतं. हे दार चहाच्या खोलीत आणलं ते रिक्यूने, असं मानतात. सेन नो रिक्यू, सोळाव्या शतकातला चहागुरू. सामुराई असो की सरदार, तलवार बाहेर ठेवूनच आत यावं लागे. तलवार कमरेला असली तर माणूस त्या दारात मावतच नसे. क्योतो आणि ओसाकाच्या मधे यामाझाकीला त्याची मानली जाणारी एक खोली अजून उभी आहे, तायआन नावाची, दोन तातामींची. म्हणजे दोन चटया अंथरल्या की संपली. त्याचा धनी तोयोतोमी हिदेयोशी, जपानचा तेव्हाचा सर्वेसर्वा. त्याने मात्र स्वतःसाठी सोन्याने मढवलेली, उचलून कुठेही नेता येईल अशी चहाची खोली करून घेतली होती. या दोघांचं बरीच वर्षं कसं जमलं असेल देव जाणे. शेवटी 1591 साली हिदेयोशीच्या हुकमावरून सत्तरीला टेकलेल्या रिक्यूने पोट चिरून घेतलं. कारणं अनेक सांगतात आणि त्यांतलं एकही पुरेसं वाटत नाही. माझ्या तलवारी म्हणजे खांद्यावरची पिशवी, मोबाइल आणि गुडघ्याचा पट्टा. पिशवी आणि मोबाइल बाहेरच्या फळीवर ठेवले. पट्टा काढला नाही.

आत अंधार नव्हता, पण उजेडही मोजून आत सोडल्यासारखा होता. साडेचार चटयांची खोली. आम्ही सहाजण: आम्ही दोघी, ऑस्ट्रेलियाचं एक जोडपं आणि तैवानहून आलेल्या दोन विद्यार्थिनी. कोनाड्यात एक लांब पट्टी टांगलेली, तीवर काळ्या शाईत तीन अक्षरं, खाली बांबूच्या नळकांड्यात कॅमेलियाची एकच कळी. भाचीला त्यांतली दोन अक्षरं वाचता आली. तिसरं चहा देणाऱ्या बाईंनी सांगितलं. किस्साको. म्हणजे, चहा घेऊन जा. एका चिनी झेन गुरूची गोष्ट आहे. तो नव्या आलेल्या भिक्षूला म्हणतो चहा घे, आधी येऊन गेलेल्यालाही म्हणतो चहा घे, आणि दोघांना एकच उत्तर का, असं विचारणाऱ्या व्यवस्थापकालाही म्हणतो, तूही चहा घे. हे भाचीने कुजबुजत सांगितलं तेव्हा मला हसू आलं. हजारेक वर्षं लोक याच्यावर ध्यान करतायत, आणि आमची काकू रोज दारात उभी राहून वेगळं काय म्हणत होती? पोस्टमन, बंब दुरुस्त करणारा, भांडायला आलेले शेजारी, सगळ्यांना एकच.

जमिनीत चौकोनी खड्डा करून त्यात निखारे, त्यावर लोखंडी किटली. ही जमिनीतली चूल नोव्हेंबरात उघडतात. मे ते ऑक्टोबर ती बंद, तेव्हा उन्हाळ्याची सुटी शेगडी. चहावाल्या मंडळींचं नवं वर्ष नोव्हेंबरातच. मेमध्ये खुडलेला, बरणीत सील करून मुरवलेला चहा आता उघडायचा. लोणच्याची बरणी उघडण्याचाही आपल्याकडे दिवस असतोच की, फक्त आपण त्याचा समारंभ करत नाही. एक फोड चोरून खातो. किटलीला आवाज होता. तळाशी लोखंडाचे लहान तुकडे बसवतात, पाणी तापताना तिने गावं म्हणून. त्या आवाजाचं नाव मात्सुकाझे, पाइनमधला वारा. डोळे मिटल्यावर मला तो आंजर्ल्याच्या सुरूच्या बनात ऐकू येतो तोच वाटला. समुद्र दिसत नाही पण आहे, असा.

सगळ्यांना गुडघे मोडून, टाचांवर बसायचं होतं. बाईंनी माझ्याकडे बघून एक लहानसं स्टूल पुढे केलं. मी मान हलवली. वज्रासन! लहानपणापासून जेवल्यावर बसतोय आपण. शिवाय ऑस्ट्रेलियन गृहस्थाने स्टूल घेतलं होतं आणि माझ्यात त्या क्षणी भारताची प्रतिष्ठा संचारली होती. बाराव्या मिनिटाला पायांना मुंग्या आल्या, पंधराव्या मिनिटाला मुंग्याही निघून गेल्या. त्यानंतर कमरेखाली काय चाललंय याची मला बातमी नव्हती.

आधी गोड आलं. रानडुकराच्या पिल्लाच्या आकाराची मऊ, करड्या रंगाची गोळी, इनोको मोची. वराहाचा आणि आगीपासून रक्षणाचा काही संबंध मानतात, म्हणून चूल उघडण्याच्या वेळी हेच खायचं. आत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण, वेलची-जायफळ विसरलेलं. लाकडी काडीने तिचे तुकडे करताना माझं पिल्लू कागदावरून निसटलं आणि चटईवर बसलं. कुणी बघितलं नाही, किंवा सगळ्यांनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मी ते उचलून खाल्लं.

मग बाई पुन्हा आत आल्या. सत्तरीच्या असाव्यात. फिक्या राखाडी रंगाचा किमोनो, केसांत काही नाही. हातात वाडगा आणि चहाची डबी. त्या चटईवरून चालत होत्या की सरकत होत्या सांगता येईना. पांढऱ्या मोज्यांचा फक्त सळसळ आवाज. चटईच्या काठावर पाय न देता, ठराविक पावलांत त्या चुलीपाशी आल्या, बसल्या, कमरेचा रेशमी रुमाल काढून त्याची घडी घातली आणि डबी पुसली. ती आधीच स्वच्छ होती. चहा घ्यायची बांबूची बारीक पळीही पुसली. वाडग्यात गरम पाणी घेऊन बांबूचं फेटणं त्यात बुडवलं, उचलून फिरवून बघितलं. एका अखंड बांबूच्या तुकड्याला चिरत चिरत केलेले त्याचे केसांसारखे दात. नाराजवळच्या ताकायामा गावात पिढ्यान्पिढ्या हेच काम चालतं. सगळे त्या हातांकडे बघत होते. सहा माणसं, बारा डोळे, दोन हात. कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि नेमक्या त्या शांततेत मला कपबशा वाजल्याचं ऐकू आलं.

1986 सालच्या कपबशा. पांढऱ्या, सोनेरी काठाच्या, फक्त पाहुण्यांसाठी काढायच्या. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून ताईला अकरा ठिकाणचे लोक बघून गेले. मी तेरा वर्षांची, माजघराच्या पडद्यामागे उभी. ताईचे हात मुळातच कापरे. भीतीने नव्हे, तिचे हात तसेच आहेत, आजही सुईत दोरा मीच ओवून देते. पण ट्रेमध्ये सहा कपबशा ठेवून ती माजघराच्या उंबऱ्यातून बाहेर पडली की तिच्याआधी तो किणकिणाट बैठकीत पोचायचा, आणि बैठकीतले लोक समजायचे मुलगी घाबरली आहे; काहींना ते आवडायचंही. काकूने उपाय केले. ट्रेमध्ये ओल्या पंचाची घडी, तीवर भरतकामाचं कापड. तरी कप बशीवर वाजतच. मग कुणीतरी सांगितलं, बशीत दोन थेंब पाणी टाका, कप धरून राहतो. राहिला. पण कप उचलला की बुडाचा थेंब खाली. एका स्थळाच्या पांढऱ्या पॅन्टवर असा थेंब पडला आणि तिथून नकार आला. काकू आयुष्यभर म्हणत राहिली थेंबामुळे, ताई म्हणायची हुंड्यामुळे. आदल्या दिवशी तालीम व्हायची: कपांत पाणी भरून माजघर ते ओसरी, ओसरी ते माजघर. काकू उंबऱ्यात बसून बघायची. नजर खाली. फार खाली नको, ट्रे दिसला पाहिजे. पावलं लहान. आधी वडीलधाऱ्यांना, मग मुलाला. वाकताना पदर. मी मागे चालत किणकिणाट मोजायचे.

क्योतोच्या त्या खोलीत मी ज्या नजरेने त्या हातांकडे बघत होते, त्याच नजरेने लोकांनी ताईच्या हातांकडे बघितलं होतं. आता मी बैठकीतल्या लोकांच्या बाजूला बसले होते. हे लक्षात आल्यावर मला त्या खोलीचा जरा रागच आला. चहा करणाऱ्या बाईचे हात निरखायचे, तिची पावलं मोजायची, आणि ती स्वतः चहा पिणार नाही. हे आमच्याकडे केलं की मागासलेलं, इथे केलं की कला? तीन हजार येन देऊन मी ताईला बघायला आले होते की काय! राग फार टिकला नाही, कारण टिकायला तिथे जागा नव्हती. त्या बाईंच्या हातांत कुणाची पसंती मागणं नव्हतं. आमच्या बैठकीत ताई ट्रे घेऊन फिरत असताना पुरुष महागाईवर बोलत असायचे, कुणी खिडकीतून थुंकायला उठायचा. इथे त्या रुमालाची घडी घालत होत्या तेवढा वेळ कुणाची बोलायची छाती नव्हती. खोली त्यांच्या तालावर श्वास घेत होती. तरीही माझं मन पूर्ण वळलं असं नाही. अर्धं वळलं आणि तिथेच अवघडून बसलं, माझ्या पायांसारखं.

बाईंनीच नंतर, फेटणं धुता धुता, भाचीमार्फत थोडं सांगितलं. अठराव्या वर्षी त्यांच्या आईने त्यांना चहाच्या शिक्षिकेकडे धाडलं, लग्नाच्या तयारीसाठी. चहा, फुलांची रचना, शिवण. त्या शिक्षणाला शब्दच आहे, हानायोमे शुग्यो, नवरीची साधना म्हणू या. मी भाचीला पुन्हा विचारलं, खरंच असं म्हणाल्या? खरंच. गंमत अशी की हा चहा मुळात पुरुषांचा. भिक्षू, व्यापारी, लढवय्ये यांनी तो घडवला. बायका मोठ्या संख्येने आल्या त्या मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे, मुलींच्या शाळांमध्ये चहा हा शिष्टाचाराचा विषय झाल्यावर. आज शिकणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि रिक्यूच्या वंशजांच्या तिन्ही घराण्यांचे प्रमुख पुरुष. बाईंनी हे शेवटचं वाक्य काही म्हटलं नाही, ते मला भाचीने बसमध्ये सांगितलं. लग्न झाल्यावर त्यांनी पंधरा वर्षं चहा सोडला होता. मुलं, सासू. मग एका नोव्हेंबरात पुन्हा सुरू केला, एवढंच त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. कोळशाचा एक तुकडा खसकन खाली बसला.

चहाबद्दल सांगायचं राहिलंच. पहिला वाडगा माझ्यापुढे आला, कारण वयाने मी मोठी. काळा, हाताने थापून केलेला, चाकावर न फिरवलेला, ओंजळीत नीट बसेल असा. फुटलेली भांडी सोन्याने जोडतात तसे अंगावर सोन्याचे सांधे वगैरे काही नव्हते. बरं वाटलं, ते सांधे हल्ली फार भाषणांत ऐकू येतात. शेजारणीकडे वळून 'ओसाकी नि' म्हणायचं, तुमच्या आधी घेते. मग बाईंना वाकून नमस्कार. वाडगा डाव्या तळव्यावर, उजव्या हाताने दोनदा फिरवायचा, म्हणजे त्याची देखणी बाजू आपल्या ओठांना लागत नाही. वर हिरवा फेस, पहिल्या पावसानंतरच्या डबक्यावर येतो तसल्या हिरव्याच्या जवळचा पण जिवंत. जेमतेम तीन-चार घोट. खुडायच्या आधी तीनेक आठवडे चहाच्या रोपांवर सावली धरतात, म्हणून तो रंग आणि ती चव; आणि दगडी जात्यावर तासाभरात निघते ती पूड जेमतेम 40 ग्रॅम. पहिल्या घोटाला मला वाटलं, ही पालेभाजीच आहे. दुसऱ्याला मेथीचा कडवटपणा आणि मागे समुद्र. तिसऱ्याला तोंडात राहिलेली गोड गोळी आणि हा कडू चहा यांची कुठेतरी गाठ पडली आणि मी एकदम सावध झाले, चव निसटेल म्हणून.

शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, असं आधीच सांगून ठेवलेलं होतं. म्हणजे यजमानाला कळतं की संपला. बाईंनी तो आवाज करूनही दाखवला होता. बारीक, नेमका, कागद फाटावा तसा. माझ्यावर मात्र बालपणभर 'आवाज न करता पी'चे संस्कार झालेले, आणि आता पन्नाशीनंतर एका परदेशी गुरूने अधिकृत परवानगी दिलेली. मी सगळी छाती लावून भुरका मारला. ऑस्ट्रेलियन गृहस्थ दचकले. तैवानच्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं नाही, फार कष्टाने.

तर त्यानंतर माझा प्रश्न. सगळ्यांचे वाडगे झाले, बाई भांडी आवरायला लागल्या, किटलीत थंड पाण्याची पळी पडली आणि ती गाणारी किटली एकदम गप्प झाली. मला ते सहन झालं नाही. मी मराठीतच म्हणाले, "आणि तुमचा? तुम्ही नाही घेत?" भाचीने डोळे मोठे केले. मी म्हटलं, विचार ना. तिने अडखळत विचारलं. बाईंचा हात पळीवर थांबला. त्यांनी पळी ठेवली, दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि माझ्याकडे तोंड करून खूप खाली वाकल्या. काहीतरी बोलल्या. मागच्या दारातून दुसऱ्या एका बाईंचं अर्धं डोकं दिसलं आणि नाहीसं झालं. "थँक यू म्हणतायत," भाची म्हणाली, "पण आता पुढचे पाहुणे यायचेत." बस. मग मी उठायचा प्रयत्न केला आणि पाय जागेवर नसल्यामुळे भाचीच्या अंगावर कोसळले. या सगळ्यानंतर पायरीवर ते हसणं ऐकू आलं. हसायला कारणं कमी नव्हती, हे मलाही मान्य आहे. पण मला लागलं ते प्रश्नाचंच. ओसाकाला पोचेपर्यंत मी भाचीशी नीट बोलले नाही. कुणाच्या घरी चहा घेताना 'तुझा कुठाय?' विचारणं ही माझी एकमेव सुसंस्कृत सवय आहे, असं मी समजत होते.

चार दिवसांनी भाचीने ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना विचारलं. त्या वीस वर्षं चहा शिकतायत. त्या म्हणाल्या, मावशींनी बरोबरच विचारलं की. यजमानाने स्वतःसाठीही चहा करून घेण्याला शब्द आहे, जिफुकु. पातळ चहाच्या वेळी मुख्य पाहुण्याने म्हणायचं असतं, आपणही घ्यावा. ते नम्र भाषेत, योग्य क्षणी, योग्य वाकून म्हणायचं असतं एवढंच. म्हणजे वाडगा कुठून धरायचा हे ज्या बाईला धड कळत नव्हतं, तिने दोन वर्षांनी शिकवतात ते वाक्य चुकून म्हटलं होतं, तेही मिरजेच्या मराठीत. भाची आनंदाने सांगत होती. मग त्या हसल्या का, मी विचारलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं. चहाच्या खोलीमागे मिझुया असते, ती म्हणाली, भांडी धुवायची, तयारी करायची खोली. पाहुण्यांना ती दाखवत नाहीत.

जानेवारीत मी मिरजेला ताईकडे गेले. ताईचं लग्न अकरांपैकी कुणाशीच झालं नाही. ते जमलं बँकेतल्या मैत्रिणीच्या भावाशी, सांगलीच्या एसटी स्टँडसमोर उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात. कपबशीचा संबंध आला नाही. भाजणीचे निरोप देऊन झाले. क्योतोहून आणलेली हिरवी पूड आणि फेटणं मी काढलं. ताईने वास घेतला आणि "मेंदी भिजवलीयस का?" म्हणाली. वाडगा नव्हता म्हणून तिच्या दह्याच्या सटात मी चहा फेटला, फेस आला नाही, गुठळ्या राहिल्या. ताईने औषध घेतात तसा घेतला. मी तिला सगळं सांगितलं, दगडापासून हसण्यापर्यंत. किणकिणाटाचंही सांगितलं, जरा घाबरतच. चाळीस वर्षांत आम्ही दोघी त्या अकरांबद्दल कधी बोललो नव्हतो. मला वाटायचं ती दुखरी जागा आहे, हात लावू नये. ताईला किणकिणाट आठवतच नव्हता.

"हसल्या असतील की," ती म्हणाली. "आपण नव्हतो हसत?"

मला आठवेना. "अगं, लोक दिंडीबाहेर गेले की काकू सैपाकघराचं दार लोटायची," ताई सांगायला लागली. "उरलेला चहा पातेल्यातून सरळ बशांत. फरशीवर मांडी घालून. तू, मी, काकू, आजी. गार झालेला, सायीचा. तेवढाच गोड लागायचा. आणि काकू एकेकाची नक्कल करायची. पांढरी पॅन्ट. तो नाकात बोलणारा. आणि ते कराडचे काका गं, मुलाचे मामा, बशीत ओतून प्यायचे ते?" ताईने सट उचलला. त्यात तळाशी हिरवा गाळ होता. तिने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि ओठांचा चंबू करून असा काही भुरका मारला की ओट्यावरचं मांजर उठून गेलं. मला ते कराडचे काका दिसले. त्यांची टोपी, त्यांची बशीवरची तीन बोटं. काकू दिसली, तोंडात पदर कोंबलेली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग, तिच्या शेजारी फरशीवर, राखाडी किमोनोतल्या सत्तरीच्या बाई, हातात रिकामा वाडगा धरून, मैत्रिणीला माझा भुरका करून दाखवताना.

"पुन्हा कर," मी ताईला म्हटलं.